जलाशयाकाठचा एक दिवस
(निसर्गनिरीक्षण-पाठ : इयत्ता तिसरी व चौथी)

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. परंतु कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या पाच धरणांमुळे येथील कित्येक शाळांना पाण्याचा काठ लाभला आहे. हिवाळ्यात अशा पाण्यावर दूर उत्तरेकडील पक्षी उतरतात. नकाशावर दाखविलेला लडाख विद्यार्थ्यास परका वाटतो; तिकडचा चक्रवाक गावच्या पाण्यावर दिसला, म्हणजे भूगोलाचा तोच पाठ सजीव होतो.

पूर्वतयारी. आदल्या दिवशी वर्गात दोन प्रश्न विचारावेत : गावात वर्षभर कोणते पक्षी दिसतात? केवळ हिवाळ्यात कोणते दिसतात? वंचक, गायबगळा, टिटवी हे पहिल्या यादीत येतील. शेपटी सतत हलविणारा पांढरा धोबी दुसऱ्या यादीत येईल. “थंडी सोसत नाही म्हणून पक्षी येतात,” असे उत्तर बहुधा मिळते. ते अपुरे आहे. पिसांमुळे पक्ष्यांचे थंडीपासून पुष्कळ रक्षण होते; पण उत्तरेत पाणी गोठते, जमीन बर्फाखाली जाते, किडे व वनस्पती मिळेनाशा होतात. स्थलांतर मुख्यतः अन्नासाठी असते, हे शिक्षकाने स्पष्ट करावे. उजनी जलाशयावर भिगवणजवळ येणारा पट्टकदंब हंस हिमालय ओलांडतो. त्याचे उड्डाण 7,000 मीटरहून अधिक उंचीवर नोंदले गेले आहे. कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर उंच आहे. तेव्हा ही उंची त्याच्या किती पट होते, हे विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे.

दक्षता. पक्षिनिरीक्षणास पहाट उत्तम, असे सर्वत्र सांगितले जाते. या तालुक्यांत उसाच्या शेतांतून बिबट्याचा वावर असल्याने तो नियम येथे लागू करू नये. ऊन चांगले वर आल्यावर निघावे, उसाच्या कडेची वाट टाळावी, पालकांपैकी दोघा-तिघांना सोबत घ्यावे व दुपारपूर्वी परतावे. जलाशयाच्या काठचा गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत पाय रुततो. म्हणून पाण्यापासून दूर, पक्क्या जमिनीवरच बसावे. गलोल घरी ठेवावी.

प्रत्यक्ष निरीक्षण. सूर्य पाठीशी घेऊन, पाच-पाच जणांचे गट करून मुलांना शांत बसवावे. आरंभी नावे सांगू नयेत; प्रश्न विचारावेत. चोच कशी आहे? पाय किती लांब आहेत? पक्षी पोहतो, बुडी मारतो की चालतो? थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच पाणी गाळून भक्ष्य टिपते. शेकाट्याचे लांब, लालसर पाय उथळ पाण्यात चालण्यास उपयोगी पडतात. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी बुडी मारून पाणवनस्पती खातो. एकाच पाण्यावर इतके पक्षी कसे पोसले जातात, याचे उत्तर मुलांना चोच व पाय यांतच सापडेल. कालव्याचे आवर्तन सुटल्यावर पाणी ओसरून गाळ उघडा पडतो. त्या वेळी काठावर कोणते पक्षी वाढतात, हे पाहण्यास पुन्हा एकदा जावे.

नोंद. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या व कृती असे सहा रकाने आखावेत. मोठा थवा असल्यास प्रथम दहा पक्षी मोजावेत. तेवढ्या जागेच्या मापाने उरलेल्यांचा अंदाज करून “सुमारे” असे लिहावे. नाव न कळल्यास “अनोळखी” असे लिहून चित्र काढावे. अनोळखी पक्ष्यास घाईने दिलेल्या नावापेक्षा ही नोंद अधिक मोलाची होय. न पाहिलेले न लिहिणे, हाच या पाठाचा मुख्य संस्कार आहे.

घरचा अभ्यास. धरणापूर्वी येथे कोणते पक्षी येत, हे विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांस विचारून यावे. डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. तालुक्याला नाव त्याच गावाचे आहे. ज्या पाण्यावर आज परदेशी पाहुणे उतरतात, त्याखाली कुणाचे तरी घर व शेत होते, हे मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून कळू द्यावे.

शाळेची वही. राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह 2020 पासून साजरा होतो. मारुती चितमपल्ली व डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनांना तो जोडलेला आहे. त्या सप्ताहात वही उघडावी आणि पहिला धोबी, पहिला चक्रवाक कोणत्या दिवशी दिसला, ते दरवर्षी लिहावे. एका वर्षाची नोंद फारसे सांगत नाही; दहा वर्षांच्या नोंदींवरून पक्षी उशिरा येऊ लागले काय, कमी झाले काय, हे ध्यानात येते. बाहेरून एखाद्या रविवारी येणाऱ्या अभ्यासकास रोजचा काठ पाहता येत नाही. तो गावच्या शाळेलाच पाहता येतो. शिक्षकाची बदली होते, मुले पुढील शाळेत जातात. म्हणून ही वही शिक्षकाची न मानता शाळेच्या दप्तरात ठेवावी, आणि पदभार देताना नव्या शिक्षकाच्या हाती ती आवर्जून द्यावी.