आरोग्यपाठ : टीसीएलने न मरणारा परजीवी



यरीहोचे पाणी वाईट होते, तेव्हा अलीशाने झऱ्यात मीठ टाकले आणि पाणी निरोगी झाले, ही गोष्ट शब्बाथ शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पाड्यावरच्या विहिरीत टीसीएल पावडर पडली की आपल्यालाही तसेच वाटते : झाले, पाणी शुद्ध झाले. मग तान्ह्या मुलांचे जुलाब दहा-दहा दिवस का थांबत नाहीत, असे देणगीदार विचारतात. प्रश्न रास्त आहे. कारणे पुष्कळ असतात. त्यांतल्या एकाचाच हा पाठ.

त्याचे नाव क्रिप्टोस्पोरिडियम. हा एकपेशीय परजीवी आजारी माणसाच्या किंवा वासराच्या विष्ठेतून बाहेर पडतो तो जाड कवचाच्या पुटीत बंद होऊन. पुटी ४ ते ६ मायक्रोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीत दहा-बारा सहज मावतील एवढी. लुगड्याच्या चार पदरी फडक्यातूनही ती आरपार जाते. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरिन घातलेल्या नळाच्या पाण्यातूनच सुमारे चार लाख लोक आजारी पडले. आशिया व आफ्रिकेतल्या सात देशांत झालेल्या मोठ्या पाहणीत (आपल्याकडचे ठिकाण कोलकाता होते) तान्ह्या बाळांच्या गंभीर जुलाबांच्या कारणांत रोटाव्हायरसनंतर याचाच क्रमांक लागला. ती पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. कुपोषित मुलाला तो जास्त छळतो, आणि त्याने छळलेले मूल आणखी कुपोषित होते.

इतक्या जुन्या शत्रूवर औषधे इतकी कमी का? कारण तो प्रयोगशाळेत वाढवणे फार अवघड. पुष्कळ जंतू नुसत्या खाद्यावर वाढतात. जिआर्डिया हा दुसरा पाण्यातला परजीवीही काचेच्या नळीत पोषकद्रवावर वाढतो. क्रिप्टोस्पोरिडियमला मात्र आतड्याची जिवंत पेशीच लागते. म्हणून शास्त्रज्ञ काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्याच्या तळाशी मानवी आतड्याच्या पेशींचा पातळ थर वाढवतात. एचसीटी-८ नावाच्या या पेशी मुळात एका रुग्णाच्या आतड्यातल्या कर्करोगाच्या गाठीतून आलेल्या आहेत. परजीवीच्या पुट्या बहुधा मुद्दाम संसर्ग दिलेल्या वासरांच्या शेणातून मिळवतात.

आता नीट वाचा. शेणातल्या पुट्यांबरोबर इतर हजारो जिवाणू येतात, ते पेशींचा नाश करतील. म्हणून पुट्या आधी ब्लीचच्या द्रावणात धुतात. ब्लीच म्हणजे आपल्या टीसीएलचेच भावंड. बाकीचे जंतू मरतात आणि परजीवी स्वच्छ होऊन, जिवंत बाहेर येतो. जे पाण्यातून घालवण्यासाठी आपण पावडर टाकतो, त्याला प्रयोगशाळेत त्याच जातीच्या रसायनाने आंघोळ घालतात!

पुढे पित्तातल्या क्षारांचा स्पर्श आणि शरीराएवढी ३७ अंशांची ऊब मिळाली की कवच उघडते. प्रत्येक पुटीतून चार बारीक, केळ्याच्या आकाराचे जीव निघतात आणि पेशींच्या कडेला शिरतात. ते वाढतात, फुटतात, शेजारच्या पेशीत जातात. पण तीन दिवसांत गाडी अडते. नर व मादी तयार होतात, त्यांचा संयोग मात्र होत नाही, आणि नव्या पुट्या बनत नाहीत. ही अडचण कित्येक वर्षे टिकली. २०१९ साली आतड्याच्या मूलपेशींपासून, वरून हवा आणि खालून पोषण देऊन वाढवलेल्या थरावर हे संपूर्ण जीवनचक्र साधले. आता नवे औषध त्याच्या प्रत्येक अवस्थेवर तपासता येते. आज हाती असलेले नायटाझोक्सानाइड कुपोषित मुलांत पुरेसे चालत नाही, म्हणून याचे महत्त्व.

या पेशींनी आणखी एक गोष्ट दाखवली. अतिनील किरण दिलेल्या पुट्या सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतच दिसत, म्हणून ते किरण निरुपयोगी समजले जात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या पुट्या उंदरांच्या पिलांना आणि पेशींना देऊन पाहिल्या, तर त्यांची वाढण्याची शक्तीच गेलेली होती. दिसते जिवंत, पण संसर्ग करीत नाही. पाड्यावर वीज आणि गाळ नसलेले पाणी, दोन्ही असेल तिथे अशा यंत्राचा विचार करण्यासारखा आहे.

मग टीसीएल बंद करायची का? मुळीच नाही. पटकी आणि विषमज्वर तिच्यानेच आटोक्यात राहतात. तिच्यावर भार टाकून थांबायचे नाही, एवढेच. पाणी खळखळून उकळले आणि ती उकळी एक मिनिट टिकली की हा परजीवी मरतो. सरपण डोक्यावरून आणणाऱ्या बाईला 'सगळे पाणी उकळ' म्हणणे आपल्याला सोपे आहे. निदान दोन वर्षांखालच्या मुलाचे आणि आजाऱ्याचे पाणी तरी उकळावे, असे आमच्या सेविकांनी सांगावे.

वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी मुलांना बाटलीबंद पाणी देऊनही पाहिले. या परजीवीचा संसर्ग कमी झाला नाही. तो हातांवरून, घरातल्या आजाऱ्याकडूनही येतो. म्हणून मुलाची शी काढल्यावर, गोठ्यातून आल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुणे आले. सॅनिटायझरने तो मरत नाही. मंडळीतून पाड्यांसाठी वस्तू गोळा करताना त्या बाटल्यांऐवजी साबणाच्या वड्या, झाकणाची भांडी, लांब दांड्याची ओगराळी आणि ओआरएसची पाकिटे द्यावीत. जुलाब लागलेल्या बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये, हेही त्यांच्याबरोबर सांगावे.