मेघसंगणन : नियोजनापूर्वीचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यात जुलै महिना दुहेरी धावपळीचा असतो. शेतात डवरणी आणि निंदण चालू असते आणि त्याच दिवसांत खरीप पीकविम्याचे अर्ज भरावयाचे असतात. त्यांची मुदत साधारणपणे ३१ जुलैच्या सुमारास संपते. झरी जामणी किंवा मारेगाव तालुक्यातील एखाद्या सेवा केंद्रापुढे अखेरच्या दिवशी उभा असलेला शेतकरी सातबारा, आधारपत्र व बँकेचे पुस्तक घेऊन सकाळीच आलेला असतो. संगणकाच्या पडद्यावर मात्र चक्र फिरत राहते. त्याची दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. मुदत टळली तर संपूर्ण हंगामाचे संरक्षण हातचे जाते. २०१७ मध्ये कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन स्वीकारले गेले तेव्हा, आणि २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या नोंदणीच्या वेळीही, अशा रांगा राज्याने पाहिल्या. दिवसा माहिती भरली जात नाही म्हणून रात्री जागणाऱ्या शिक्षकांना तर हा अनुभव नवा नाही.

या अडचणीवर ‘क्लाउड’ हा उपाय सांगितला जातो. ढग म्हटले की आपल्याकडील शेतकऱ्याच्या मनात वेगळाच विचार येतो, ते असो. हा ढग आकाशात नसतो. तो वातानुकूलित इमारतींतील हजारो संगणकांचा समूह असतो. विजेच्या उदाहरणाने हे समजेल. प्रत्येक विहिरीवर स्वतंत्र डिझेल इंजिन बसविण्याऐवजी सामाईक वाहिनीतून हवी तेवढी वीज घ्यावी आणि मीटरप्रमाणे पैसे भरावेत, तसेच संगणकशक्तीचे आहे. केंद्र शासनाचा ‘मेघराज’ उपक्रम २०१४ मध्ये कार्यान्वित झाला. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडविषयीचे धोरण जाहीर केले. साधन उपलब्ध आहे. प्रश्न आहे तो, किती मागावे याचा.

त्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, एका जिल्ह्यातून ३० दिवसांत ३ लाख अर्ज यावयाचे आहेत. सरासरी दररोज १० हजार झाले. कामाचे आठ तास धरले आणि एका अर्जासाठी मुख्य संगणकाशी २० वेळा देवाणघेवाण होते असे मानले, तर सेकंदाला सुमारे ७ मागण्या येतील. हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु निम्मे अर्ज शेवटच्या तीन दिवसांत आले, तर दिवसाला ५० हजार अर्ज, म्हणजे सेकंदाला सुमारे ३५ मागण्या होतात. त्यातही सकाळी अकराच्या गर्दीला तिप्पट भार धरला, तर हाच आकडा शंभरावर जातो. म्हणजे सरासरीच्या पंधरापट. सरासरी पाहून यंत्रे खरेदी केली तर ती ३१ जुलैला कोलमडतात. गर्दी पाहून खरेदी केली तर अकरा महिने धूळ खातात. सर्वसाधारण मेघव्यवस्थेचे खरे मोल येथे आहे. एका विभागाची गर्दी ओसरल्यावर तीच शक्ती दुसऱ्या विभागाच्या शिष्यवृत्तीच्या किंवा परीक्षेच्या कामी येते. मात्र दोन विभागांच्या मुदती एकाच आठवड्यात ठेवल्या तर हा लाभ नाहीसा होतो. सबब, मुदतींचे सामाईक वेळापत्रक हासुद्धा तांत्रिक नियोजनाचाच भाग समजावा.

साठवणुकीचा विचारही असाच आहे. प्रत्येक अर्जासोबत दीड एमबीची कागदपत्रे धरली तर ३ लाख अर्जांचे ४५० जीबी होतात. सुरक्षिततेसाठी दोन जादा प्रती ठेवल्या तर १,३५० जीबी. त्यातील एक प्रत दुसऱ्या शहरात असावी, कारण आग किंवा पूर इमारतीतील सर्वच प्रती एकदम नेतो. किती काळ ठेवावयाचे, याचे उत्तर कार्यालयांना ठाऊक आहे. अभिलेखांचे ‘अ’ वर्ग कायम, ‘ब’ वर्ग ३० वर्षे, ‘क’ वर्ग १० वर्षे हे वर्गीकरण अभिलेख कक्षात पूर्वीपासून रुजलेले आहे. तेच येथे लावावे. नाहीतर मुदतबाह्य कागदांचे भाडे शासन वर्षानुवर्षे भरत राहील. शिवाय शेतकऱ्याचा आधार क्रमांक व बँक खाते ही वैयक्तिक माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ लक्षात घेता, ती कोणत्या ठिकाणी साठवली जाते आणि ती कोणाला पाहता येते, हे करारात लिहिलेले असले पाहिजे. करार संपल्यावर सर्व माहिती परत मिळण्याची पद्धतही त्यातच नमूद व्हावी. हे कलम बहुधा राहून जाते.

निविदेत ‘९९.५ टक्के उपलब्धता’ असे शब्द येतात. ते भरघोस वाटतात, तथापि उरलेला अर्धा टक्का म्हणजे वर्षाला सुमारे ४४ तास होतात. हे ४४ तास फेब्रुवारीतील मध्यरात्री गेले तर कोणाला कळणारही नाही. जुलैच्या अखेरीस गेले तर जिल्हा हवालदिल होईल. म्हणून केवळ वार्षिक टक्केवारी न मागता गर्दीच्या दिवसांसाठी स्वतंत्र अट घालावी.

मुंबई-पुण्याची यंत्रे कितीही समर्थ असोत, गावातील तार कमकुवत असेल तर त्यांचा उपयोग नाही. दीड एमबीचा अर्ज सेकंदाला १०० किलोबिटच्या जोडणीवरून पाठविण्यास किमान दोन मिनिटे लागतात. ५० शेतकऱ्यांची रांग असेल तर केवळ पाठविण्यातच एक तास चाळीस मिनिटे जातील, आणि मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. यास्तव अर्ज स्थानिक संगणकात किंवा मोबाइलमध्ये सुरक्षित राहावा, जोडणी येताच आपोआप पुढे जावा आणि भरल्याची वेळ ग्राह्य धरली जावी, ही अट आपल्या जिल्ह्यासाठी इतर कोणत्याही अटीपेक्षा महत्त्वाची मानावी लागेल. छायाचित्रांचा आकार पाठविण्यापूर्वीच कमी करण्याची सोयही त्यात असावी.

हे सर्व आकडे आज मंत्रालयात अंदाजाने धरावे लागतात. ग्रामपंचायतीने एका साध्या वहीत चार रकाने आखावेत : तारीख व तास, आलेले अर्जदार, पूर्ण झालेले अर्ज, आणि अपुरे राहिल्याचे कारण (वीज, जोडणी की मुख्य संगणक). यवतमाळच्या सोळाही तालुक्यांतून एका हंगामाची अशी नोंद जिल्हाधिकारी कार्यालयाकडे गेली, तर पुढील निविदेत सरासरीऐवजी खऱ्या गर्दीचा आकडा लिहिता येईल.