थंड इंजिनाचे निदान : एक अभ्यासपाठ

स्मरणिकेच्या पानांवर ट्रकच्या इंजिनाविषयीचा लेख पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलामुलींचे शिक्षण मालट्रकच्या स्टिअरिंगवर कमावलेल्या पैशांतून होते, आणि आपले अनेक माजी विद्यार्थीही आज याच व्यवसायात आहेत. त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा पाठ लिहीत आहोत.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील तिला भेटावयास आले होते. नागपूरहून सिवनी, सागर, झाशीमार्गे आग्र्यापर्यंत माल नेणारे ते चालक. थंडी सुरू झाल्यापासून त्यांच्या गाडीचे ॲव्हरेज घसरले होते. मालकाने डिझेलचोरीचा संशय घेऊन त्यांच्या पगारातून रक्कम कापली होती. "सर, टेंपरेचरचा काटा वर चढतच नाही. पण माझं कोण ऐकते?" एवढेच ते म्हणाले. आम्ही इतिहासाचे शिक्षक, यंत्राचे जाणकार नव्हे. तथापि पुरावा तपासल्यावाचून निष्कर्ष काढू नये, हे आम्ही वर्गात रोज सांगतो. सबब गाडी आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये नेली आणि मालकांनाही तेथे बोलावून घेतले. पुढील ज्ञान त्या विद्यार्थ्याने आम्हांस दिलेले आहे.

इंजिन तापणे वाईट, हे सर्वांस ठाऊक असते. इंजिन थंड राहणे हाही दोषच आहे, हे फारसे कोणी जाणत नाही. ट्रकच्या डिझेल इंजिनातील पाणी चालत्या गाडीत साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअस तापलेले असावे लागते. त्याहून ते बरेच थंड राहिल्यास डिझेल पुरते जळत नाही. डोळ्यांस झोंबणारा पांढरा धूर येतो. न जळलेले डिझेल लायनरवरील तेलाचा थर धुऊन काढते आणि रिंगांमधून खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते. ज्वलनातून निर्माण झालेली वाफ थंड भिंतींवर साचते, तिच्यात गंधकाचे अंश मिसळून आम्ल तयार होते आणि लायनर झिजतो. डिझेल अधिक लागते ते निराळेच.

हे तापमान राखण्याचे काम थर्मोस्टॅट नावाची लहानशी झडप करते. तिच्या पोटात मेण असते. इंजिन थंड असताना झडप मिटलेली राहते व पाणी इंजिनातच फिरते. ठरलेल्या तापमानास मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. मेणाची ही युक्ती १९३० च्या दशकात प्रचारात आली. आजही तीच वापरात आहे.

आता निदानाचा क्रम पाहू.

पहिली पायरी : इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहावी. गरम इंजिनाचे झाकण कदापि उघडू नये. पातळी खाली गेली असल्यास सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि इंजिन तापलेले असूनही काटा खालीच दिसतो.

दुसरी पायरी : काटा खरे बोलतो काय, हे तपासावे. गाडी भारासह चालवून आणल्यावर गॅरेजमधील इन्फ्रारेड तापमापकाने थर्मोस्टॅटजवळ मोजणी करावी. चकचकीत धातूवर हा तापमापक कमी आकडा दाखवतो. म्हणून काळ्या रबरी नळीवर किंवा रंगवलेल्या भागावर तो रोखावा. उभ्या गाडीवरची मोजणी पुरेशी नाही. थंडीत नुसते सुरू ठेवलेले निरोगी डिझेल इंजिनही पुरेसे तापत नाही.

तिसरी पायरी : थंड इंजिन सुरू करून, पंख्यापासून हात दूर राखून, रेडिएटरची वरची नळी अधूनमधून चाचपावी. थर्मोस्टॅट ठीक असल्यास ती बराच वेळ थंड राहते व मग एकाएकी गरम होते. ती आरंभापासूनच हळूहळू कोमट होत गेल्यास झडप उघडी अडकली आहे, किंवा जागेवर नाहीच, असे समजावे.

चौथी पायरी : पंखा पाहावा. त्याचा क्लच जाम झाला असल्यास थंड इंजिनावरही पंखा सतत पूर्ण वेगाने घोंगावत राहतो.

पाचवी पायरी : थर्मोस्टॅट काढून पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगावा, तळास टेकू देऊ नये. पाणी तापवत तापमापक पाहावा. झडपेवर कोरलेल्या अंकाच्या आसपास, उदाहरणार्थ ८२ अंशांस, ती उघडू लागली पाहिजे.

आमच्या गाडीत पाचवी पायरी आलीच नाही. कूलंट पुरेसे होते, काटा खरा होता, पंखाही ठीक होता. नळी मात्र आरंभापासूनच कोमट होत गेली. थर्मोस्टॅटचे घर उघडले, तर ते रिकामे! मालकांनी बिलांची फाईल आणवली. मे महिन्याच्या एका बिलावर नोंद होती : गाडी गरम होते, थर्मोस्टॅट काढला. उन्हाळ्यात ही उणीव जाणवली नाही. जानेवारीच्या रात्री मात्र रेडिएटर गरजेहून अधिक उष्णता खेचू लागला. मुळात उन्हाळ्यातील तो उपायही चुकीचा होता. अनेक इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट बगलेची वाट बंद करतो. तो काढल्यास काही पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात जाते. खरा दोष रेडिएटरमध्ये साचलेल्या मातीचा होता.

नवा थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटर धुतला, पातळ झालेले इंजिन ऑइल बदलले. पुढच्या खेपेस त्याच मार्गावर, तेवढ्याच भारासह, टाकी काठोकाठ भरून हिशेब ठेवला. ॲव्हरेज जवळजवळ पूर्ववत आले. मालकांनी कापलेली रक्कम परत केली आणि चालकाची क्षमाही मागितली.

रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून भागवणाऱ्या चालकबांधवांना आमची विनंती आहे की, पुठ्ठ्याने काटा वर येईल, पण दोष जागच्या जागी राहील. आणि गाडीमालकांना विनंती अशी की, ॲव्हरेज घसरल्यास चालकाच्या पगाराला हात लावण्यापूर्वी वरच्या नळीला हात लावून पाहावा. त्या चालकाची कन्या यंदा दहावीत आहे. हा पाठ छपाईस देण्यापूर्वी आम्ही तिच्याकडूनच वाचून घेतला; पंख्यापासून हात दूर राखण्याची सूचना तिने घातली आहे.