घेरियाचं चित्र घरी आणलंस, तर

बाय, विजयदुर्गाचं जुनं कोरीव छापचित्र घेतलंस, फार बरं केलंस. खिळा कुठे ठोकायचा हे विचारायला फोन केलास, पण खिळ्याची पाळी शेवटी. आधी बस आणि ऐक.

१. खाली 'घेरिया' लिहिलंय म्हणून दुसरं गाव शोधत बसू नकोस — इंग्रज विजयदुर्गाला घेरियाच म्हणत, आणि १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तो आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होता.

२. चित्र तिरप्या उजेडात धर, भोवतीने कागद चौकोनी दबलेला दिसला पाहिजे — कोरलेला तांब्याचा पत्रा ओलसर कागदावर जोराने दाबत, त्याची ती कड. भिंगातून एकसारखे ठिपके दिसले, तर छपाई अलीकडची.

३. फ्रेमवाल्याला ती कड आणि खालच्या बारीक ओळी कापू देऊ नकोस — डावीकडे चित्रकार, उजवीकडे कोरणारा, आणि प्रकाशकाच्या नावाशेजारी तारीख. १७३५ च्या ब्रिटिश कायद्यापासून हक्क राखायचा तर ती तारीख पत्र्यावर कोरावीच लागे. कड गेली की कुंडली गेली!

४. जहाजं जळताना दिसली, तर तो दिवस १२ फेब्रुवारी १७५६ चा, हे पोरांना नीट सांग. इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमाराचा एक गोळा 'रिस्टोरेशन' जहाजावर पडला, ते किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच जिंकलेलं. तिथून आग शेजारच्या गलबतांना लागली आणि आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होते, हेही लपवू नकोस — अर्धा इतिहास सांगितला की पोरं उरलेला अर्धा भलत्याकडून ऐकतात.

५. काढणारा कुठे उभा होता, ते आधी विचार — डॉमिनिक सेरेसने या लढाईचं मोठं तैलचित्र १७७१ च्या सुमारास काढलं, तेही इंग्लंडात बसून. म्हणून आपल्या गुराबा, म्हणजे आंग्र्यांची लढाऊ जहाजं, ताडून बघ: पुढची नाळ लांब आणि सखल हवी, तिथूनच समोर तोफा डागत.

६. डावं-उजवंही तपास: समुद्रातून वाघोटण खाडीत शिरताना किल्ला उजव्या हाताला येतो, डाव्या हाताला आपला राजापूर तालुका — तांब्यावर चित्र सरळ कोरलं की कागदावर उलटं उमटतं, आणि कोरणारे कधीकधी ते तसंच ठेवत.

७. आंग्र्यांची गोदी चित्रात सापडली नाही तर हिरमुसू नकोस, ती किल्ल्यापासून आत, वाघोटण खाडीत गिर्ये गावाशी आहे. कातळ तासून केलेली, सुमारे साडेतीनशे फूट लांब. ओहोटीची वेळ विचारून जा — भरतीला नुसतं पाणी दिसेल, ओहोटीला तासलेला दगड हाताला लागेल. खरं सांगू? मला त्या जळत्या जहाजांपेक्षा ही गोदी मोठी वाटते. आरमार जळालं तरी ते बांधणाऱ्या हातांची खूण तिथे अजून आहे.

८. आता खिळा. पावसाची झड ज्या भिंतीवर येते ती सोड, माजघरातली आतली भिंत घे — जांभ्याचा चिरा पाणी पितो; ओल आधी भिंतीत, मग चित्रात. फ्रेममागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटव, म्हणजे वारा खेळेल.

९. देवघरासमोर नको — कापूर-उदबत्तीचा धूर कागदावर बसतो. उन्हाची तिरीपही नको.

१०. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये आम्लविरहित पुठ्ठ्याचं माउंट घाल — पावसाळ्यात काचेला आतून दव धरलं की कागद तिला चिकटतो. मागे प्लायवूड लावू देऊ नकोस, त्याने कागद पिवळा पडतो.

११. गणपतीआधी रंगकाम काढलंस तर चित्र उतरव, आणि भिंत पुरती सुकल्यावरच लाव — चाकरमानी यायच्या घाईत ओल्या भिंतीवर चित्र चढतं.

१२. काच पुसताना पाणी फडक्यावर घे, काचेवर शिंपडू नकोस — थेंब कडेने आत उतरतो. आणि फाटलं तरी सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर नाहीच — चिकटवलेलं सुटत नाही, सुटलं तर कागद घेऊन सुटतं.

१३. दिवाळीच्या साफसफाईत मागची बाजू एकदा बघ, कसर आणि तपकिरी ठिपके तिथेच सुरू होतात. दिसले तर घरचं औषध लावू नकोस, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू जतन करणारं केंद्र आहे, तिथे विचार — आणि नेताना गुंडाळी करू नकोस, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ने.