बँकांचा राखीव निधी आणि भाववाढ

बँकेत ठेवलेला पैसा तिजोरीत तसाच पडून राहतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः बँक त्यातील काही भाग राखून ठेवते आणि उरलेल्यातील बराचसा शेतकरी, व्यापारी व कारखानदार यांना कर्जाऊ देते. राखून ठेवावयाचा भाग बँकेच्या मर्जीवर सोडलेला नाही. रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम ४२ अन्वये प्रत्येक अनुसूचित बँकेस आपल्या ठेवींच्या ठरावीक प्रमाणात रोख रक्कम रिझर्व्ह बँकेकडे ठेवावी लागते. यासच रोख राखीव निधी म्हणतात.

ठेवीतून ठेव

समजा, राखीव प्रमाण शेकडा दहा आहे आणि एका खातेदाराने शंभर रुपये जमा केले. बँक दहा रुपये राखून नव्वद रुपये कर्ज देईल. कर्जदार त्या पैशाने खत घेईल व खतविक्रेता ते नव्वद रुपये आपल्या बँकेत भरील. ती बँक नऊ रुपये राखून एक्याऐंशी रुपये पुन्हा कर्जाऊ देईल. हा क्रम शेवटपर्यंत चालल्यास मूळ शंभर रुपयांवर एक हजार रुपयांच्या ठेवी उभ्या राहतात. प्रमाण शेकडा वीस केल्यास त्या पाचशेवरच थांबतात. लोक काही रक्कम हातीच ठेवतात आणि बँकाही जपून कर्ज देतात. म्हणून व्यवहारात हा गुणाकार पुरा होत नाही. तथापि, राखीव निधी हा पतपुरवठ्याचा लगाम कसा ठरतो, हे यावरून ध्यानी येते.

१९७३-७४ चा अनुभव

१९७१ च्या युद्धाचा व निर्वासितांचा खर्च, १९७२ चा दुष्काळ आणि १९७३ अखेरची खनिज तेलाची दरवाढ, अशी संकटे पाठोपाठ आली. सरकारी तूट त्या काळी रिझर्व्ह बँकेकडून कर्ज घेऊन भागविली जात असे. परिणामी धान्य कमी आणि पैसा अधिक, अशी स्थिती झाली. रिझर्व्ह बँकेने राखीव प्रमाण जून १९७३ मध्ये ३ टक्क्यांवरून ५ टक्के व सप्टेंबरमध्ये ७ टक्के केले. जुलै १९७४ मध्ये बँकदर ९ टक्क्यांवर नेला. तरीही १९७४-७५ मध्ये घाऊक किमती सरासरीने सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. पुढील वर्षी पाऊस चांगला झाला आणि किमती किंचित उतरल्या. एका बाजूने लगाम खेचला आणि दुसऱ्या बाजूने नवा पैसा येत राहिला, तर लगाम अपुरा पडतो, हा त्या वर्षांचा धडा होय. तूट आपोआप रिझर्व्ह बँकेकडून भरून घेण्याची ती पद्धत १९९७ मध्ये बंद झाली.

निधी वाढला की भाव वाढतातच काय?

तसेही नाही. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेतील बँकांचा मध्यवर्ती बँकेकडील निधी प्रचंड वाढून २०१४ मध्ये अडीच लाख कोटी डॉलरांवर गेला. परंतु कर्जाची मागणी मंद असल्याने भाववाढ बेताचीच राहिली. उलट, महामारीच्या काळात सरकारी साहाय्य थेट कुटुंबांच्या हाती पडले आणि मालाचा पुरवठा विस्कळीत झाला. जून २०२२ मध्ये तेथील भाववाढ ९ टक्क्यांवर पोहोचली. सारांश, निधी केवळ बँकांच्या खात्यावर असेतोवर तो बाजारात शिरत नाही. पैसा खर्चासाठी बाहेर पडतो आणि माल तितका नसतो, तेव्हा धोका उद्भवतो.

सामान्य माणसाचे हित

प्रत्येक महागाई पैशामुळे होत नाही. बेळगाव भागात अतिवृष्टी झाली की गोव्याच्या बाजारात भाजी महागते. ती पीक येताच उतरते. पैशाच्या अतिरेकाने होणारी भाववाढ मात्र सर्व वस्तूंना व्यापते. ठेवीवर सात टक्के व्याज मिळाले आणि किमती दहा टक्क्यांनी वाढल्या, तर पासबुकातील आकडा वाढूनही ठेवीदाराची क्रयशक्ती घटते. मजूर, निवृत्तिवेतनधारक व लहान बचतदार यांना हा घाव सर्वांत आधी बसतो. म्हणूनच राखीव प्रमाण बदलल्याची बातमी केवळ बँकांपुरती नाही. ती प्रत्येक घराच्या जमाखर्चाशी निगडित आहे.