अल्विन : हे नाव आले कुठून?



बाळाचे नाव अल्विन ठेवले तर चालेल का, असे आईवडील आम्हांला स्नानसंस्काराआधी विचारतात. आजी-आजोबांची शंका निराळी : या नावाचा संत कोणता? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. नाव तसे आपल्याला परके नाही. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला, पन्हाळ्यासह आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा भाग त्यात आला आणि त्याचे पहिले बिशप झाले अँथनी अल्विन फर्नांडिस बरेटो.

अल्विन हे जुन्या जर्मन बोलींतले नाव. त्यातला ‘विन’ म्हणजे मित्र. एडविनमध्येही तोच आहे. पहिल्या भागाविषयी दोन मते आहेत. एक मत असे की तो ‘अडाल’, म्हणजे कुलीन, या शब्दाचा संक्षेप. अल्बर्टचा ‘अल्’ही तिथलाच. दुसरे मत ‘आल्ब’चे. आल्ब म्हणजे जुन्या लोकांच्या समजुतीतला, आपल्या यक्षासारखा अद्भुत जीव. इंग्रजीतला आल्फ्रेड याच भावकीतला. तेव्हा अर्थ एक तर ‘थोर मित्र’, नाहीतर ‘यक्षांचा मित्र’! आम्हांला पहिला पसंत आहे, पण दुसरा खोटा म्हणवत नाही. दोन वेगळी नावे झिजून एका रूपाला आली, असेच दिसते. आणि यक्षाने बिचकायचे कारण नाही. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्ववेत्त्याने म्हटले आहे की विशेषनाम माणसाकडे बोट दाखवते, त्याचे गुण सांगत नाही. आपल्याकडचा दगडू काही दगड नसतो.

जर्मनीत हे नाव आज क्वचितच ठेवतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते अधिक कानावर पडे. गणिती अल्विन कोर्सेल्ट (१८६४-१९४७) त्या पिढीचे. आपल्याकडे ते इंग्रजी वळणाने आले. गंमत म्हणजे बिशपांच्या नावातले फर्नांडिसही जर्मन कुळातलेच! पाचव्या शतकात व्हिसिगॉथ टोळ्या स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत शिरल्या, त्यांच्या बोलीतून फर्नांडो हे नाव तिथे रुजले. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते गोव्यात आणि वसईत उतरले. म्हणजे अल्विनला परका म्हणणाऱ्या घराचे आडनावच कधीकधी त्याचे दूरचे नातलग निघते.

आता संताचे. अल्विन नावाचा सर्वांना ठाऊक असलेला संत नाही. ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या कायद्यात (कलम ७६१) मुलाला ख्रिस्ती नाव मिळावे, ते जमले नाही तर आईवडिलांनी ठरवलेल्या नावाला संताचे नाव जोडून दोन्ही वहीत लिहावीत, असे होते. १९८३ च्या कायद्यातले कलम ८५५ एवढेच सांगते की ख्रिस्ती भावनेला विसंगत नाव देऊ नये. ही जबाबदारी आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरू या सर्वांवर आहे. अल्विनमध्ये विसंगत काही नाही. येशूने शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हटले, हे योहानच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात आहेच. तरी आजीच्या समाधानासाठी अंतोन किंवा जोसेफ जोडायला आमची हरकत नाही.

खरी अडचण लिहिण्याची. अल्विन, आल्विन, एल्विन, अलवीन! जन्मदाखल्यावर एक, स्नानसंस्काराच्या वहीत दुसरे, शाळेत तिसरे झाले की लग्नाच्या आणि पासपोर्टच्या वेळी धावपळ होते. जन्मनोंदणीत बाळाचे नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येते. म्हणून एकच रूप आधी ठरवा आणि नोंदीला येताना जन्मदाखला सोबत आणा.