८.१२ची लोकल आणि माझी लेक

डोंबिवलीहून फोर्टातल्या एका खासगी ऑफिसात मी २६ वर्षं गेले-आले. लेक १९९५ साली झाली. आता तिला बाळ झालंय. ते मांडीवर घेऊन बसले की जुना हिशोब आपोआप पुन्हा मांडला जातो. त्यातून जे हाती लागलं, ते सांगते.

१. शरीराला ऑफिसची वेळ कळत नाही. १९६१च्या कायद्याने तेव्हा बाळंतपणासाठी १२ आठवड्यांची रजा मिळायची. माझे तीन आठवडे बाळंतपणाआधीच संपले, म्हणून कामावर रुजू झाले तेव्हा लेक नऊ आठवड्यांची होती. सकाळी अकराच्या सुमाराला पदर ओला व्हायचा. बाथरूममध्ये दूध पिळून टाकताना मला रडू आवरायचं नाही. २०१७च्या दुरुस्तीने ही रजा २६ आठवड्यांची झाली आणि माझ्या लेकीला ती पुरती मिळाली. तिच्यासाठी आनंद वाटतो, आपल्यासाठी हळहळही वाटते. दोन्ही खरं आहे.

२. चोरून निघण्यात कुणाचंच भलं नसतं. लेक दीड वर्षाची असताना रडते म्हणून मी तिला पाळणाघरात खेळण्यात गुंतवायचे आणि मागच्या मागे सटकायचे. मग ती रविवारीसुद्धा माझा पदर सोडेना. आंघोळीला गेले तरी दाराशी बसून राहायची. पाळणाघराच्या काकू म्हणाल्या, "अहो, सांगून जा. रडेल पाच मिनिटं, पण संध्याकाळी तुम्ही येता हे तिला कळू दे." आठवडाभर रडली, नंतर दारातून हात हलवू लागली. आई जाते याची तिला भीती नव्हतीच. ती कधी नाहीशी होईल याचा नेम नव्हता, त्याची होती.

३. मुलाची माया वाटून कमी होत नाही. एकदा तापात तिने काकूंच्या हातचा मऊ भात मागितला. मी केलेला एक घास खाल्ला आणि म्हणाली, "तसा नाही लागत." रजा टाकून उशाशी बसलेल्या मला ते फार लागलं. शेवटी काकूंकडून वाटीभर भात आणला. तो खाऊन ती माझ्याच कुशीत झोपली. मला वाटत होतं काहीतरी माझ्या हातून निसटलं. तिच्या हिशोबी मात्र तिला प्रेमाचं आणखी एक माणूस मिळालं होतं.

४. एकट्या आईच्या भरवशावर मूल वाढत नाही, हे मला २६ जुलै २००५ने शिकवलं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. फोर्टात तेवढा नव्हता, पण लोकल बंद आणि फोन लागेनात. रात्र मी ऑफिसातल्या दोन खुर्च्या जोडून काढली. नवराही ठाण्यात अडकला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कशीबशी पोचले, तर दहा वर्षांची लेक काकूंकडे मेणबत्तीच्या उजेडात पत्ते खेळत होती. "तू जेवलीस का गं?" हे तिने मला विचारलं.

५. मुलांच्या लक्षात आपण किती तास नव्हतो हे राहत नाही, आल्यावर कसे होतो ते राहतं. लेडीज डब्यात मी शेंगा सोलत मैत्रिणींशी खळखळून हसायचे आणि घरात पाऊल टाकताच, चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "गृहपाठ झाला का?" परवा लेक म्हणाली, "तू उशिरा यायचीस ते फारसं आठवत नाही. आल्या-आल्या ओरडायचीस ते आठवतं." मी इतकी वर्षं नोकरीला दोष देत होते. चुकत होता तो दार उघडल्यावरचा पहिला अर्धा तास. बाबाही उशिराच यायचा, पण मुलीचं काय होतं असं त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

६. माझी नोकरी दुसऱ्या एका आईच्या कष्टावर उभी होती. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी सकाळी साडेसहाला हजर असायच्या, म्हणून मला ८.१२ मिळायची. त्यांची थोरली मुलगी शाळा बुडवून धाकट्या भावाला सांभाळते, हे मला फार उशिरा कळलं. २०१७च्या त्याच दुरुस्तीने ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची केली. चार घरी काम करणाऱ्या बाईला त्यात जागा नाही. माझ्या लेकीचं कसं होईल, या काळजीत मी कितीदा रात्री जागी राहिले. तेवढ्या वर्षांत त्या थोरलीचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना उद्या एवढं जरूर विचारा: तुमचं मूल आत्ता कुणाजवळ आहे?